ओट्यावरचं ऊन

“घरातल्या बायांनी समोरच्या ओट्यावर बसायचं न्हाई.” नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं होती, मी शाळेत जायचे. झरीच्या आमच्या घरी आजोबा हे आईला म्हणाले आणि ती उठून परसात गेली.

आज तिला परभणीला डॉक्टरांकडे नेलं. गुडघे फार दुखतात. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, “ड जीवनसत्त्व खूपच कमी आहे. गोळ्या देतो, पण रोज थोडं उन्हातही बसा.”

परसात आता शेजाऱ्यांच्या माडीची सावली असते. ऊन येतं ते समोरच. घरी येताच मी ओट्यावर खुर्ची टाकली.

“तिथं मामंजी बसायचे,” आई दारातूनच म्हणाली.

“आई, आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?”

“माणूस गेलं. जागा त्यांचीच हाय नं. डाक्टरला म्हणावं, आणिक एक गोळी वाढव.”

मला हसू आलं. मग ती भिंत धरून आत गेली, आणि हसू थांबलं.

मैत्रिणींनो, खुर्ची मी उचललेली नाही, उचलणारही नाही. ती नकोच म्हणेल, तरी आत्ता जाऊन विचारणार आहे: “आई, उद्या सकाळी माझ्याजवळ ओट्यावर बसशील?”