गिऱ्हाईक आल्टर करणारे शिंपीमामा

जगातले झाडून सगळे शिंपी कपडे आल्टर करतात. आमच्या होस्टेलसमोरचे शिंपीमामा मात्र गिऱ्हाईक आल्टर करायचे. तेव्हा कोल्हापुरात टेरिकॉटचं वेड नुकतंच आलं होतं. आम्ही पोरं कापड घेऊन गेलो की मामा टेप लावायच्या आधी पाठीमागून नुसतं बघत आणि माणसाची कुंडली सांगत. एक खांदा वर, म्हणजे ड्रॉइंग बोर्डावर ओणवा होणारा इंजिनिअर. मान कासवागत पुढे, म्हणजे डॉक्टरकीचा अभ्यास. माझा डावा खांदा पाहून तर ते एवढ्या मोठ्यानं ओरडले, की समोरचा पानवाला उठून आला. "दोन बोटं खाली! खांद्याला शबनम पिशवी लावतोस न्हवं? कविता करतोस व्हय रं?" करत होतो, आता काय सांगू!

पण मला व्हायचं होतं फौजदार. निवड महिन्यावर आलेली आणि वडिलांनी आधीच गावभर सांगून ठेवलेलं. मी म्हटलं, "मामा, खांद्यात थोडा कापूस भरा की." "भरतो की! पर तितं शर्ट काढून हुबं करत्यात. मग काय कातड्याखाली भरू?" त्यांनी शबनम जप्त केली, शर्ट सरळ खांद्याच्या मापानं शिवला, माझ्या उतरत्या खांद्यावर त्याला पडलेली चुणी दाखवली, शर्ट परत हँगरला अडकवला आणि बजावलं, "खांद्याखालची चुणी गेल्याबिगर शर्ट मिळायचा न्हाय." झालं! रोज संध्याकाळी टाच, पाठ, डोकं दुकानाच्या भिंतीला टेकून मी पाव तास उभा. शेजारी माझ्यासारखेच चार-पाच वाकडे. एकदा एक माणूस नुसता बिद्रीची एसटी कुठं लागते ते विचारायला आला. "आदी टेका पावणं," म्हणत मामांनी त्यालाही रांगेत उभं केलं, आणि त्याची एसटी चुकली. अठ्ठाविसाव्या दिवशी मी शर्ट चढवला, तर चुणी गायब! मामांनी सबंध गल्लीला चहा पाजला.

निवड झाली. पुढे बदल्यांत दहा वर्षं गेली. युनिफॉर्म शिवायला मुद्दाम मामांकडे गेलो. त्यांनी मला मागून पाहिलं, "सरळ हाय," म्हणाले आणि टेप घ्यायला वळले. तेव्हा त्यांची पाठ मला पहिल्यांदाच नीट दिसली. जन्मभर मशीनवर वाकून उजवा खांदा चांगला चार बोटं उतरलेला, शर्टाला ही मोठी चुणी. 

"मामा, तुमचा शर्ट..."

"शर्ट बराबर शिवलाय," ते हसले. "मीच आल्टर करायचा ऱ्हायलो."

मी त्यांना हाताला धरून भिंतीशी नेलं आणि शेजारी टेकून उभा राहिलो. त्यांचं डोकं काही केल्या भिंतीला लागेना, आणि माझा पाय तिथून निघेना.