हौसाआत्यापुढं वाजलेला मोबाइल

माझी हौसाआत्या बावड्याला दिलेली. तिनं मळ्यातून गड्याला हाक मारली की इंदापूरच्या स्टँडवरची एसटी ड्रायव्हर चढायच्या आत सुटायची. खोटं वाटत असेल त्यानं बावड्यातल्या कुठल्याही म्हशीला विचारावं. त्या अजून कान पाडून आहेत. असल्या बाईला फोनचं कौतुक ते काय असणार? पण तिचं भांडण यंत्राशी नव्हतंच. "यंत्र गुणाचं हाय," ती म्हणायची, "पर दारात आल्यालं माणूस आधी. वाजणारं वाजू द्या, ते काय उपाशी न्हाय."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीत मोबाइल नुकताच आला होता आणि आमच्या कन्हेरीत त्याची रेंज फक्त उंबऱ्यात उभं राहिलं तरच मिळायची. त्याच उंबऱ्यात माझ्या बहिणीला, सुमनला, बघायला आलेला मुलगा उभा. बारामतीतला ठेकेदार, स्वतःची जीप, हातात पायताणाएवढा मोबाइल. असं स्थळ पुन्हा यायचं नाही, म्हणून वडिलांच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता. सुमन पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि फोन वाजला. मुलानं तिच्याकडं न बघताच बोट वर केलं. थांब.

ती थांबली. तो खडी, सिमेंट, कुणाचा तरी अडलेला ट्रक, असं वेशीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत राहिला. पोहे इतके गार झाले की वरच्या खोबऱ्याला हुडहुडी भरली.

बघण्याच्या कार्यक्रमासाठी बावड्याहून आलेली आत्या उठली. "सुमे, आत चल. पाव्हण्याचं आधीच दुसरीकडं जमलंय."

"अहो, धंद्याचा फोन हाय," मुलाचे मामा म्हणाले.

"व्हय की. मामा, म्हशीच्या बाजारात बी गिऱ्हाईक दात बघताना दुसरीकडं तोंड करत न्हाय. ही तर आमची पोरगी हाय."

वडिलांनी हात जोडले. "अक्का, पाया पडतो. स्थळ जाईल."

"जाऊ दे. आज बोटावर उभी केली, उद्या बोटावर नाचवंल." मग ती मुलाकडं वळली. "हितं बसा. ते बंद करा. आन् पोरीला इचारा, तुमी तिला पसंत हाय का."

असला प्रश्न कन्हेरीत कुणी मुलीला विचारल्याचं तोवर माझ्या ऐकण्यात नव्हतं. मुलानं मात्र मोबाइल बंद केला, खिशात मावेना म्हणून मामांच्या मांडीवर ठेवला आणि खाली मान घालून विचारलं, "मी पसंत हाय का तुमाला?"

सुमननं ट्रे खाली ठेवला. "न्हाय," ती म्हणाली.

मामांच्या मांडीवरचा मोबाइल घसरला, तो कुणी उचललाही नाही.

"अक्का, आता तूच समजाव तिला," वडील म्हणाले.

"काय समजावू? त्यानं सरळ इचारलं, तिनं सरळ सांगितलं. दोघांचं बी चुकलं न्हाय." आणि मुलाच्या हातात बशी देत, "खा बाबा. आता खरा पाव्हणा झालास."

जीप गेली. वडिलांनी आत्याशी बोलणंच टाकलं. ती मात्र सवड मिळेल तशी बावड्याहून यायची आणि त्यांच्या पुढ्यात ऐसपैस बसायची. ते भिंतीकडं बघत तंबाखू मळत राहायचे.

"बोलू नको, शिवा," आत्या म्हणायची. "पर तोंड तरी हिकडं कर."