शनिवारमावशी

आमच्या मावशी शनिवारी दगडावर चढत नसत. शनिवारी त्या दगडाखाली उभ्या राहत, दोन्ही हात वर करून, माळ्यावरचा डबा उतरवून घ्यायला निघाल्यासारख्या. उंची पाच फुटांच्या आतली, वय पन्नाशीचं, अंगावर पंजाबी ड्रेस आणि त्यावर फॅक्टरीतला रेनकोट. वरून ऐंशी किलोचा गडी कोसळला तर या त्याला कशा झेलणार, असा प्रश्न नव्या माणसाला पडे. मावशींना पडत नसे. "झेलायचं नसतंच," त्या म्हणत. "नुसता धक्का द्यायचा. म्हणजे माणूस डोक्यावर न पडता ढुंगणावर पडतो. तिथे देवाने गादी दिलीय."

मावशी मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू; शनिवार हा त्यांचा काम न करण्याचा दिवस. मँचेस्टरच्या एका रेनकोट फॅक्टरीत शिलाई मशीनवर बसून त्यांना बरीच वर्षं झाली होती. तिथल्या गोऱ्या बायकांबरोबर त्या एकदा डोंगरात गेल्या आणि दोराशिवाय दगड चढायच्या त्या खेळाला, बोल्डरिंगला, चिकटल्या ते कायमच्या. मग त्यांनी आम्हालाही ओढलं. आम्ही म्हणजे हॉस्पिटलातला डॉक्टर शिरीष, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी माधुरी आणि नववीत शाळा सोडून आत्याच्या आधाराने इथे आलेला मी. मी त्याच फॅक्टरीत कोटांना इस्त्री मारायचो.

मला त्या काळात सगळ्याचीच भीती वाटे. सरकत्या जिन्याची, फोनच्या घंटीची, बसमध्ये शेजारी येऊन बसणाऱ्या माणसाची. दुकानदाराने नुसतं "ऑलराइट?" म्हटलं तरी मी त्याला सर्दीपासून पोटापर्यंत सगळं सविस्तर सांगे. माझ्या मागे रांग लागे. मावशी एकदा त्या रांगेत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चांगलं सांगितलंस. आता तो जन्मात कुणाला विचारणार नाही." तेव्हापासून मी त्यांचा झालो.

त्यांच्याबरोबर कॅम्पिंगला जायचं तर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तंबू ठोकून व्हायला हवा. उशीर झाला की गाडीत त्या घड्याळाकडे न बघता नुसत्या शिरीषच्या मानेकडे बघत बसत, आणि शिरीष आपोआप ॲक्सिलरेटर दाबे. मग शनिवारी काही करायचं नाही. स्टोव्ह नाही, चढणं नाही. शुक्रवारच्या चपात्या, बटाट्याची भाजी, आणि मोठ्या थर्मासमधला शुक्रवारचाच चहा. शनिवार दुपारपर्यंत त्याला थर्मासच्या झाकणाची चव येई. आमच्याकडे स्टोव्ह होता, पण त्यांच्यापुढे ताजा चहा करणं आमच्या जिवावर येई. "तुम्हाला कुणी अडवलंय?" त्या रागावत. आम्ही तो झाकणाचाच चहा पीत असू.

शिरीष त्यांना छेडायचा. "मावशी, पडणाऱ्याला धरणं हे काम नाही का हो?"

"जीव वाचवायला शनिवार आड येत नाही."

"पण अजून कुणी पडलेलंच नाही."

"तू चढ. मग बघू."

ज्या वीकेंडबद्दल सांगायचं आहे त्याच्या आदल्या आठवड्यात फोरमनने मला इस्त्री सोडून कटिंग टेबलवर कामाला ये म्हणून सांगितलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. कटिंग म्हणजे कापडाचे थरावर थर रचून एकदम कापायचे. सुरी एकदा घसरली की ढीगभर कोट एका बाहीचे. मी ठरवूनच टाकलं होतं की आईची तब्येत बरी नाही म्हणायचं आणि सरळ कऱ्हाडला परत जायचं. आई ठणठणीत होती. शुक्रवारी गाडीत हे हळूच फक्त मावशींना सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि मला संत्रं सोलून दिलं.

शनिवारी दुपारी मी सँडविच खात एकटाच हिंडत होतो. तिथल्या मेंढ्या माणसाळलेल्या असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक शिंगवाला मेंढा सँडविचकडे बघत माझ्यामागे चालू लागला. मी भरभर चाललो, तोही भरभर चालला. पुढचं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा दोन पुरुष उंचीच्या दगडाच्या माथ्यावर होतो, सँडविच दातांत. आयुष्यातली माझी ही पहिली यशस्वी चढाई.

मावशी रमतगमत आल्या, मेंढ्याला हाकललं, आणि हात वर करून उभ्या राहिल्या.

"मावशी, मला उतरता येत नाही."

"दिसतंय. आधी ते सँडविच टाक."

"शिरीषला बोलवा ना."

"ती दोघं पाणी आणायला गेलीत. उजवा पाय खाली सोड."

"भीती वाटते हो."

"मग घाबरत घाबरत सोड. घाबरू नको असं मी म्हटलं का?"

मी पाय सोडला. गुडघा शिलाई मशीनसारखा चालत होता. "सोमवारी हातही असेच थरथरणार," मी दगडाला गाल चिकटवून म्हणालो.

"थरथरू देत. तू पहिला ढीग कापशील तेव्हा मी माझं मशीन सोडून येते. आता डावा पाय. अजून खाली. अरे, तो माझा हात आहे."

शेवटचा टप्पा मी उतरलो नाही, घसरलो. मावशींनी धक्का दिला आणि देवाने दिलेल्या गादीवर मी बसलो. टाकलेलं सँडविच परत आलेल्या मेंढ्याने खाल्लं होतं. शिरीष-माधुरी परत आले तेव्हा मावशींनी त्यांना एवढंच सांगितलं, "हा तो मोठा दगड चढला." मेंढ्याचं नाव काढलं नाही.

सोमवारी मी हो म्हणालो. कारण धैर्य वगैरे नव्हतं. नाही म्हटल्यावर दुपारच्या सुट्टीत मावशींच्या समोर बसून जेवणाचा डबा उघडायची हिंमत नव्हती. पहिला ढीग कापताना त्या खरंच माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, सवयीने हात थोडे वर धरून. फोरमनने विचारलं, ही बाई काय करतेय? मला इंग्रजीत सांगता आलं नाही. मराठीतही आलं नसतं. त्या ढिगातल्या सगळ्या कोटांना दोन-दोन बाह्या निघाल्या.

नव्वदच्या दशकात मावशी धाकट्या लेकीकडे कायमच्या निघाल्या, इस्रायलमधल्या वाळवंटातल्या एका गावी. तोवर मी कटिंग टेबलचा मुख्य झालो होतो. त्यांना काय द्यावं ते सुचेना. शेवटी चांगलं कापड निवडून मी त्यांच्या मापाचा रेनकोट कापला, आणि विमानतळावर तो हातात देताना माझी मलाच लाज वाटली.

"तिथे पाऊस नाही रे पडत," मावशी म्हणाल्या.

"माहीत आहे. मला दुसरं काही येत नाही."

त्यांनी बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, कापड उलटून आतली कड बघितली. बाहेर इंग्लंडातला दुर्मिळ उन्हाळा होता, रांगेतले सगळे अर्ध्या बाह्यांत घामाघूम झालेले. मावशींनी रेनकोट अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि तशाच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.