जयवंताचा देखावा

लालबागला बर्फ आणला तो दौलत तावड्याने. गोळेवाल्याच्या पेटीतला नव्हे हो! चांगला क्षितिजापर्यंत पसरलेला, ज्याच्यावर झाड म्हणून उगवत नाही असा टुंड्राचा बर्फ. मिलमधला टाकाऊ कापूस, वर अभ्रकाची पूड आणि मागून निळा दिवा. गोणपाटाचं अस्वल तेवढं जरा म्हशीवर गेलं होतं. पण गणपतीच्या दिवसांत तो बर्फ बघायला अख्खं गिरणगाव लोटलं. खानावळवाली गंगुबाई हात लावून म्हणाली, "मेल्या, एवढा बर्फ, आणि पाणी कसं सुटत नाही?" दौलत म्हणाला, "मावशी, तिथे तुझी चूल नाही ना!"

दिवसभर मिलमध्ये साच्यावर उभा राहणारा माणूस हा. वेंगुर्ल्याची बोट आणि परत, एवढंच त्याने पाहिलेलं जग. पण मंडळाचा देखावा म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. एका साली वाळवंट केलं, त्यातला उंट आजूबाजूच्या पोरांनी बसून बसून मोडला. एका साली ओल्या गोणपाटावर नाचणी पेरून गवताळ प्रदेश उभा केला. शेजारची शेळी त्यातला अर्धा चरून गेली, तर पठ्ठ्या म्हणतो कसा, "गवताळ प्रदेशच तो, जनावर चरणारच!"

ही सगळी विद्या त्याच्या मुलाची, जयवंताची. एकुलता एक मुलगा. तो भूगोलाच्या पुस्तकातून मोठ्याने वाचायचा आणि बाप ऐकत ऐकत खिळे ठोकायचा. मॅट्रिक होऊन नोकरीला लागला तरी हे बापलेकांचं वाचन सुटलं नाही. एकदा जयवंत म्हणाला, "बाबा, दर साली एकेक तुकडा काय दाखवायचा? सगळी पृथ्वी एकदम करू. लोक विषुववृत्तावरून आत शिरतील. आधी घनदाट जंगल, मग गवत, मग वाळवंट, मग सूचिपर्णी झाडं, शेवटी बर्फ. बाजूने समुद्र. ध्रुवावरून बाहेर पडले की पुढ्यात गणपती!" दौलतला रात्रभर झोप लागली नाही, इतका तो खूश झाला.

तेवढ्यात छप्पन्नचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत म्हणे! रस्ते पेटले, गोळीबार झाले. जयवंत मोर्च्यात गेला होता. त्याला गोळी लागली आणि तो गेला. घरी आणला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. सुभद्रा, त्याची आई, कितीतरी दिवस कुणाशी बोलली नाही. दौलत मात्र मिलमध्ये जायला लागला. घरात बसून करायचं काय, सांगा?

पावसाळ्यात देखाव्यासाठी मंडळाची सभा भरली. मंडळाचा चिटणीस रघु परब, जयवंताचा जिवलग दोस्त. तो उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा दुसरं काही नाही. यंदा जयवंताचा देखावा. दौलतकाका, तुम्हीच करायचा. कराल ना?"

दौलतला भडभडून आलं. पोराची पृथ्वी या लोकांच्या ध्यानात आहे तर! त्याने दोन्ही हात जोडले आणि मान डोलावली. टाळ्या पडल्या. बायाबापड्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून गडी कामाला लागला. वाळू आणली, कापूस पिंजला, गोणपाटावर नाचणी पेरली. कितीतरी महिन्यांनी तो पोटभर जेवला.

मग एका संध्याकाळी परळचा मूर्तिकार दारात आला. म्हणाला, "जयवंताचा फोटो द्या. चेहरा हुबेहूब यायला हवा. गोळी लागून पडतोय, असं दाखवायचंय ना?"

हात्तिच्या! एका 'चा'ने घात केला. रघु बोलला होता तो जयवंताला दाखवणारा देखावा, आणि दौलतने ऐकला होता जयवंताने सांगितलेला. तो धावत रघुकडे गेला. पण बोलायला तोंड उघडणार, तोच रघु त्याच्या पाया पडला. "काका, चाळीतल्या एकूणएक घराने वर्गणी दिलीय. तुम्ही हो म्हणालात म्हणून. दुसरा बाप असता तर छाती झाली नसती." आता या पोराला काय सांगायचं? की मला तिथे पांढरं अस्वल करायचं होतं? दौलत "बरं" म्हणाला आणि घरी आला. सुभद्रेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी काय खाली येवचंय नाय. माका बोलवू नकात."

वाळवंटाची वाळू रस्ता म्हणून अंथरली गेली. बर्फाचा कापूस पुतळ्याच्या धडात गेला, कारण निव्वळ मातीचा पुतळा पडला की फुटला असता. तो कापूस दौलतनेच भरला. जंगलाची झाडं चौकातली झाडं झाली. नाचणीचं गवत कुणालाच नको होतं, ते गच्चीवर पिवळं पडून गेलं.

खेळ असा होता: पुठ्ठ्याच्या भिंतीमागून फटाका वाजायचा, मागची दोरी सुटायची आणि जयवंत कोसळायचा. लगेच पडदा. पुतळा उभा करायचा, पुढची रांग आत घ्यायची. दोरीवर पोरं बसायला तयार होती, पण दौलतने ती कुणाला दिली नाही. दुसरा कुणी धरता तर धाडकन सोडता. हा दोन्ही हातांनी सोडायचा, हळूहळू, निजवल्यासारखा.

पहिल्या दिवशी लोक रडले. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली, लांबलांबून माणसं आली आणि रांगेत खुसखुस सुरू झाली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "गोळी लागलीय की झोप आलीय रे?" त्यावर हशा पिकला.

रघु पडद्यामागे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. तो दौलतच्या कानाशी लागून अगदी हळू म्हणाला, "काका, रागावू नका. जरा झटकन सोडा. लोक जयवंताला हसतायत हो."

दौलतने मान डोलावली. पुढची रांग आत आली, फटाका वाजला आणि त्याने दोन्ही हात उघडले. धप्पकन आवाज झाला. बाहेर "हुतात्मा जयवंत तावडे अमर रहे" म्हणून मंडप दणाणून गेला. पडदा पडला. दौलत वाकला, पोराच्या काखेत हात घातले आणि पुढच्या रांगेसाठी त्याला उभा केला.