शेजाऱ्याचं नाव

नेरिडा कॉफलन अठरा वर्षं ग्रिफिथ गावात घरं विकत होती आणि अठरा वर्षं एकच टोमणा ऐकत होती. "तुमचं बरं आहे बाई, दार उघडायचं, गोड हसायचं आणि दोन टक्के खिशात!" त्या दोन टक्क्यांतले निम्मे ऑफिसचे, उरलेल्यांतून दर आठवड्याची उचल वजा, आणि घर विकलंच नाही तर पेट्रोल, फोन नि शनिवार पाण्यात, हे कुणाकुणाला सांगणार?

यंदा ईस्टरपासून तिचं एकही घर विकलं गेलं नव्हतं. उचल तेवढी चालू होती. शेवटी ऑफिसच्या मालकाने, शॉनने, तिला आत बोलावलं.

"ट्रेगियरचं घर गेलं तर ठीक. नाहीतर एक तारखेपासून भाड्याच्या टेबलावर बस."

भाड्याचं टेबल म्हणजे ठरलेला पगार आणि दिवसभर भाडेकरूंच्या गळक्या नळांच्या तक्रारी. नेरिडाने सुरुवात तिथूनच केली होती. पन्नाशीत पुन्हा तिथे बसायची तिची तयारी नव्हती.

बेव्हन ट्रेगियर सत्तरीचा, एकटा. घर विकायचा नव्वद दिवसांचा करार त्याने नेरिडाशी केला होता. तिने त्याच्या मागे लागून भिंती रंगवून घेतल्या, अंगणातलं तण स्वतः उपटलं, संत्र्याच्या झाडाला पाणी घातलं. दर शनिवारी अर्धा तास घर लोकांना बघायला उघडं असे आणि ती वही घेऊन दारात उभी राही. येणाऱ्याने नाव आणि फोन लिहायचा, मगच आत जायचं.

शेजाऱ्यांचं मात्र कुणी लिहून घेत नसे. शेजारी सपाता घालून येणार, मोरीच्या फरशा बघणार, किंमत विचारून 'अबब' म्हणणार आणि जाणार. कुंपणापलीकडचा डॉम पेलिझारी तर चार शनिवार आला. एकदा त्याने पेनही उचललं.

"लिहू का नाव?"

"तुम्ही कशाला? तुम्ही काय घर घेणार आहात होय?" नेरिडा हसली. तोही हसला.

गुरुवारी करार संपला. सोमवारी ती नवे कागद घेऊन गेली, तर तिची 'घर विकणे आहे' पाटी उपटून कुंपणाला टेकवून ठेवलेली.

"विकलं पोरी," बेव्हन म्हणाला. "डॉमने घेतलं, लेकीसाठी. रंग दिल्यावर घर मनात भरलं म्हणे."

"पण बेव्हन, त्याला घर मी दाखवलं! चारदा!"

"मी तेच म्हटलं वकिलाला. तो म्हणाला, तू दाखवलेल्या माणसाने करार संपल्यावर घेतलं तरी दलाली तुझीच. फक्त वहीत नाव हवं." तो कानकोंडा झाला. "आहे ना?"

नेरिडाने गाडीत बसून सगळी वही वाचली. एकसष्ट नावं. शेजारच्या लीटन गावचं एक जोडपं, एक दंतवैद्य, दोनदा आलेली एक शिक्षिका. डॉम नव्हता. तो नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिने पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं. तेवढ्यात बेव्हनने खिडकीतून पिशवी आत सरकवली.

"संत्री. यंदा गोड आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पाणी मीच घातलंय."

ऑफिसात शॉनने कपाळावर हात मारला. "नाव नाही? अठरा वर्षांनी?"

"तू लिहिलंयस कधी शेजाऱ्याचं?"

शॉनने वही मिटून तिला परत दिली. एक तारीख मात्र त्याने बदलली नाही.

त्याआधीच्या शेवटच्या शनिवारी एक सहकारी आजारी पडला, म्हणून त्याच्याकडचं विकाऊ घर नेरिडाने उघडलं. विकलं तर दलाली त्याची. समोरच्या घरातली म्हातारी गाऊनमध्ये, हातात चहाचा मग घेऊन आली.

"मी आपली समोरची. नुसतं बघायला आले."

नेरिडाने तिच्या हातातला मग काढून घेतला आणि पेन दिलं.

"बघा की. आधी नाव लिहा. फोनसुद्धा."

"अगं, मी काय घर घेणार आहे होय?"

"लिहा," नेरिडा म्हणाली, आणि ती लिहीपर्यंत दार अडवून उभी राहिली.