मागच्या सीटवरची काळी बॅग

डेपोत त्यांना सगळे दुर्बीणकाका म्हणत. सव्वीस वर्षं प्रवासी बस चालवून पाठ वाकली होती, पण नजर ससाण्याची. कोण पेंगतंय, कोण कोणावर रुसलंय, सीटखाली केळ्याची साल कोणी सरकवली, सगळं त्यांना समोरच्या आरशात दिसायचं. काकू म्हणायच्या, "अहो, अधूनमधून रस्ताही बघत जा."

पण हा नुसता स्वभाव नव्हता. नऊ वर्षांपूर्वी एका गोडबोल्या प्रवाशाने त्यांच्या डिकीत एक खोकं ठेवलं होतं. नाक्यावर तपासणी झाली, तेव्हा त्यातून कुठल्याशा जुन्या इमारतीवरून उचकटलेलं कोरीव दगडी शिल्प निघालं. प्रवासी पसार, आणि काका चार दिवस चौकीत. निर्दोष सुटले खरे, पण गल्लीतली कुजबूज वर्षभर थांबली नाही. तेव्हापासून ते ताकसुद्धा फुंकून पीत.

त्या शनिवारी बस विद्यापीठाची होती. वर्षभरासाठी परदेशातून शिकायला आलेली बावीस मुलंमुली, सोबत इतिहासाच्या मॅडम, आणि दोन दिवसांत तीन जुनी शहरं. सगळ्यांनी सामान डिकीत टाकलं. करड्या जाकिटातली एक उंच मुलगी तेवढी काळी बॅग छातीशी धरून उभी राहिली.

"ही माझ्याजवळच राहू दे, काका."

"जड आहे का?"

"अजून नाही."

अजून नाही! काकांच्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्या शहराला भलीथोरली तटबंदी होती. मॅडम लाल छत्री उंच धरून पुढे निघाल्या, मुलं मागे. ही मुलगी बुटाची नाडी बांधत मागे रेंगाळली आणि सगळे वळल्यावर उलट्या दिशेच्या गल्लीत शिरली. दीड तासाने परतली तेव्हा बॅगेचा पट्टा ताणलेला होता, जाकिटाच्या बाह्यांना पांढरी भुकटी होती, आणि पायरी चढताना बॅगेत लोखंड वाजलं.

"कुठे गेली होतीस गं?"

"इथेच."

"मॅडमना सांगून?"

"काका, तुम्ही बस चालवता की हजेरी घेता?"

पुढच्या सीटवरची मुलं खदखदून हसली. काकांना ते चांगलंच झोंबलं.

दुपारी दुसऱ्या शहरात त्यांनी बसला कुलूप लावलं आणि पन्नास पावलं मागे राहून तिची पाठ धरली. जुन्या दगडी पुलाची डागडुजी चालली होती. पुलाखाली पत्र्याची शेड होती, आत कोरीव दगडांच्या थप्प्या. एका म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघत फळीमागून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तिने ते झटकन बॅगेत टाकलं. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काकांनी मनाशी ठरवून टाकलं, ही एकटी नाही, टोळी आहे. आणि उद्या नाक्यावर तपासणी झाली, तर पहिला हात पडेल तो आपल्याच गळ्यावर.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या शहरात पोचताच त्यांनी मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मॅडमनी सर्वांदेखत बॅग उघडायला लावली. आतून सहा छिन्न्या, एक हातोडा आणि दोरी गुंडाळलेला ओळंबा निघाला.

"हे काय आहे?" मॅडमचा आवाज चढला.

"माझ्या बाबांचं आहे."

"तुझे बाबा तर हयात नाहीत ना?"

"नाहीत. पण आधी ते इथे होते."

मॅडमचा विश्वास बसला नाही. "तू बसमधून हलायचं नाहीस. बाकीचं परत गेल्यावर बघू. काका, लक्ष ठेवा." आणि त्या उरलेल्या मुलांना घेऊन राजवाडा बघायला गेल्या.

काका दारातल्या पायरीवर पहाऱ्याला बसले. मग तीच बोलली. "बाबा अकरा वर्षं या देशात पाथरवट होते. असल्याच जुन्या भिंती दुरुस्त करायचे. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे. चेहरा आठवतो मला त्यांचा. आवाज आठवत नाही. त्यांच्या जोडीदारांनी हत्यारं जपून ठेवली होती."

"मग मॅडमना का नाही सांगितलंस?"

"बावीस जणांची वरात घेऊन बाबांना भेटायला जाऊ?" तिने घड्याळ बघितलं. "त्या जोडीदारांतले शेवटचे, मुकादम, इथे आहेत. बाबांचा गुण्या, काटकोन तपासायचा, त्यांच्याकडे आहे. चारला ते घरी जातात."

सव्वातीन झाले होते. काका म्हणाले, "आणि हे सगळं खोटं निघालं तर?"

"तर चौकीत न्या. मी आपल्या पायांनी येईन."

बसला कुलूप लावून दोघं निघाले. वाटभर काका तिच्या दोन पावलं मागे होते, पळालीच तर धरता यावं म्हणून. जुन्या कोठाराच्या भिंतीवर परांची बांधलेली होती. मुकादम खाली उतरले, मुलीकडे बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि काकांवर नजर पडताच मावळला.

"हा कोण?"

"आमच्या बसचे काका."

"विश्वासाचा आहे?"

तिने काकांकडे वळून बघितलं. "माहीत नाही."

सव्वीस वर्षांत काकांना असं कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मुकादमांनी त्यांना फाटकाबाहेर उभं केलं. गजांतून त्यांना दिसत होतं. मुकादमांनी तिला भिंतीचा एक कोपरा दाखवला, हातात गुण्या दिला. तिने तो लावून बघितला. काटकोन तंतोतंत बसला.

"केसाचाही फरक खपायचा नाही तुझ्या बापाला," मुकादम म्हणाले. "चुकलं की असा ओरडायचा." आणि त्यांनी तिच्या भाषेतली एक शिवी, तिच्या बापाच्याच सुरात, घसा खरवडून हाणली.

मुलगी आधी हसली. मग कपाळ भिंतीला टेकवून रडली. काकांनी मान फिरवली. त्यांना तिथे उभं राहण्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी सगळे बसमध्ये बसल्यावर काकांनी गाडी सुरू केली नाही. माईक हातात घेतला. "या मुलीवर मी संशय घेतला. मी स्वतः जाऊन बघून आलो, ती खरी आहे. चूक माझी आहे. माझ्यामुळे चारचौघांत तिला बोल लागले, म्हणून माफीही चारचौघांत मागतो." मॅडम खाली बघत राहिल्या. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

वसतिगृहाशी बस थांबली. काका बॅग उचलायला पुढे झाले. "राहू द्या," ती म्हणाली, आणि आता खरोखर जड झालेली ती बॅग स्वतःच खांद्यावर टाकून गेली.

घरी काकांनी बूटही न काढता काकूंना सगळं सांगितलं.

"माफी मागितलीत ना?"

"मागितली."

"मग? केलं का तिने माफ?"

"काही बोलली नाही."

"बरोबर आहे तिचं," काकू म्हणाल्या. "हात धुवा आधी, जेवायला वाढते."