सीतादहीच्या दिवशी आलेली वाफ

"पाचव्या महिन्यात असते तेवढी मोठी झाली आहे तुमची पिशवी," सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत यवतमाळच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "आत बाळ तेवढं नाही." माझं वय सेहेचाळीस. बायांचं असतंच म्हणत दोन वर्षं मी पाळीत अतोनात रक्त जाणं अंगावर काढलं होतं.

आत होते फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीतल्या मांसाच्या गाठी. आणि रक्त इतकं कमी, की लगेच ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायला मॅडम धजत नव्हत्या. आधी ल्युप्रोलाइड, म्हणजे महिन्याला एक हार्मोनचं इंजेक्शन. त्यानं पाळी थांबते, गाठी आक्रसतात, अंगात रक्त भरायला उसंत मिळते. मग लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोट न फाडता छोट्या छिद्रांतून पिशवी सोडवून काढायची. "इंजेक्शनं बंद केली की गाठी परत वाढतात. हा इलाज नाही, मुदत आहे," त्या म्हणाल्या. घरी दिग्रसला पोचेपर्यंत एसटीत मला तेच ऐकू येत होतं.

पहिल्या इंजेक्शननंतर रक्त उलट जास्तच गेलं. मॅडमनी तसं आधीच बजावलं होतं. मग एकदाचं थांबलं, आणि सासूबाईंनी निकाल देऊन टाकला.

"बंद झालं ना! मंग कायले कापाचं? पिशवी काढली का बाई पोकळ होते."

आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. आमचे हे मान खाली घालून जेवत राहिले. मला कुणी विचारलंच नाही.

कापूस फुटला. वेचणीच्या आधी घरची बाई शेतात दहीभात नेऊन सीतादहीची पूजा करते. विटाळापायी दोन वर्षं मला धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आत पाय ठेवता आला नव्हता. यंदा मान माझा होता. कापसाच्या पऱ्हाटीखाली देवीचे म्हणून खडे मांडले आणि वाफ आली. ही त्या औषधाचीच करणी. छातीतून आग उठते, तोंड तांबडंलाल होतं, अंग घामानं निथळतं. मी पदर ओढून टाकला, केस सुटले, हात थरथरायला लागले.

"अंगात आलं व!" कुणीतरी ओरडलं आणि माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला.

सासूबाई हात जोडून मातीत बसल्या. "माय, सुनेचं ऑपरेशन करू का नोको?"

मला हसू आलं नाही, भीतीच वाटली. अंगात देवी नाही म्हणाले असते तर ऑपरेशन राहिलं असतं आणि मुदत संपली असती.

"करा," मी म्हणाले. "उशीर नोका करू." आवाज माझाच होता, फक्त घोगरा निघाला.

पुढची इंजेक्शनं वेळेवर झाली. पिशवी आक्रसली होती म्हणून ऑपरेशन छिद्रांवरच भागलं, मोठा छेद टळला. मी घरी आले.

एका दुपारी सासूबाई दार लोटून माझ्या खाटेपाशी खाली बसल्या. पुन्हा हात जोडलेले. "देवीले एक विचाराचं होतं. माही पाळी जाऊन जमाना झाला. पोळ्यापासून पुन्हा रक्त लागून राह्यलं. कोणाले सांगतलं नाही म्या."

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं चांगलं नसतं, हे दवाखान्याच्या फेऱ्यांत कानावर पडलं होतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी कधी घुमते म्हणून.

"देवी नाही, मीच बोलून राह्यली," मी म्हणाले. "शेतातही मीच बोलली होती. उद्या पहिल्या एसटीनं निघू."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या उठल्या आणि पिशवीत लुगडं भरायला लागल्या.

बायांनो, तुमच्या घरात कुणाला वाफ येईल याची वाट बघू नका. मी त्या वाफेची ऋणी आहे, पण ती वेळेवर आली हे माझं नशीब. सासूबाईंची बायोप्सी झाली, म्हणजे पिशवीतला कण काढून तपासायला दिला. आज रिपोर्ट आहे. मॅडमच्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही दोघी बसलोय आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला आहे.

"का म्हणतीन व डॉक्टरीन?" त्यांनी आत्ता विचारलं. देवीला नाही, मला.

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.